माटुंगा, पहाटे पाचपासून

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनावर पूर्वेला उतरून भांडारकर रोडकडे वळलं, की ‘राम आश्रय’चं दार पहाटे पाचला उघडलेलं असतं. बाहेर अंधार असतो. आत स्टीलच्या वाट्यांचा खणखणाट आणि सांबाराची वाफ सुरू झालेली असते. या वेळी येणारी माणसं ठरलेली असतात. फुलांच्या टोपल्या उतरवून आलेले विक्रेते, रात्रपाळी संपवलेले टॅक्सीवाले, फाइव्ह गार्डन्सला फेऱ्या मारायला निघालेले निवृत्त लोक, पहिल्या गाड्या पकडणारे नोकरदार. मेनूकार्ड कोणी मागत नाही. दोन इडल्या की इडली-वडा, सांबार वेगळं की बुडवून, एवढाच प्रश्न असतो आणि रोजच्या गिऱ्हाइकाला तोही विचारला जात नाही. एका टेबलावर चार अनोळखी माणसं बसतात, समोरच्याची चटणी सांडणार नाही इतपत हात आवरतात, कॉफी संपवतात आणि उठतात. मागे उभ्या असलेल्याला जागा मिळायला हवी, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

‘राम आश्रय’ 1939 सालचं. स्टेशनापासून किंग्ज सर्कलपर्यंत, म्हणजे आताच्या महेश्वरी उद्यानापर्यंत, पायी गेलं तर वाटेत आणि आसपास याच वयाची मंडळी भेटतात. भाऊ दाजी रोडवरचं ‘कॅफे मैसूर’ 1936 चं, त्याच रस्त्यावरचं ‘कॅफे मद्रास’ 1940 चं. सर्कलवर इराण्याचं ‘कॅफे कूलर’ 1932 पासून आहे. स्टेशनाजवळच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ 1942 मध्ये सुरू झालं. ‘कॅफे मैसूर’ही मूळ त्यांचंच. पंधरा मिनिटांच्या चालीत मावणाऱ्या भागात, जेमतेम दहा वर्षांच्या अवधीत, एवढी खाण्याची ठिकाणं उघडली आणि त्यांतली बहुतेक ऐंशी-नव्वद वर्षं टिकली. मुंबईत हॉटेलं रोज निघतात आणि रोज बंद पडतात. त्या हिशेबात माटुंग्याचं हे टिकून राहणं नीट समजून घ्यावं असं आहे, कारण त्याचं श्रेय नुसत्या चवीला देऊन भागत नाही.

गोष्ट सुरू होते ती प्लेगपासून. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याहून आलेल्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. गिरण्या आणि गोद्या ओस पडायची वेळ आली, तेव्हा सरकारला दाट वस्त्यांमधल्या अंधाऱ्या खोल्यांची आठवण झाली. 1898 मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेला शेतं आणि पाणथळ जागा ताब्यात घेऊन नवी उपनगरं आखली. पाच नंबरची योजना दादर-माटुंग्याची, सहा नंबरची शीव-माटुंग्याची. आज आपण ज्या माटुंग्यात फिरतो, त्याचे रुंद रस्ते, झाडं, गोल चौक, चौकोनी भूखंड हे सगळं त्या कागदांवर आधी उमटलं.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी एक नियम लावून धरला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. राहत्या खोलीच्या खिडकीसमोर दुसरी इमारत किती उंच आणि किती जवळ असू शकते, हे या कोनावरून ठरायचं. खोलीत आकाशाचा उजेड आलाच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. इमारती बुटक्या, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा आणि रस्त्याच्या कडेला ऐसपैस फुटपाथ. ट्रस्टच्या कारभारावर टीका भरपूर झाली आणि ती योग्यही होती: दाट वस्त्यांतून जी गरीब माणसं उठवली, त्यांच्यासाठी हे उपनगर नव्हतं. पण ज्यांच्यासाठी ते बांधलं गेलं, त्यांच्या संध्याकाळी बदलल्या. फुटपाथ रुंद असला की माणूस जेवून लगेच घरी जात नाही, थांबतो, बोलतो, पान खातो, पुन्हा कॉफीकडे वळतो. माटुंग्यात आजही हॉटेलाबाहेर नाव लिहून घेतलेली कुटुंबं अर्धा तास झाडाखाली उभी राहतात आणि त्यांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी त्या जागेवर दुकान काढू दिलं नाही म्हणून हे शक्य आहे.

या रस्त्यांना मिळालेली नावंही पाहण्यासारखी आहेत. भाऊ दाजी लाड, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्रिंबक तेलंग, नारायण गणेश चंदावरकर. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या विद्वत्तेची ही जणू यादीच. भाऊ दाजी डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे संशोधक. तेलंगांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद 1882 मध्ये मॅक्समुल्लरच्या मालेत निघाला. चंदावरकर 1900 च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, आणि जन्माने होन्नावरचे. ज्या कॅनरा किनाऱ्यावरून पुढे माटुंग्यातली हॉटेलं चालवणारी माणसं आली, तिथलेच.

नव्या इमारतींमध्ये राहायला कोण आलं? चाळीत वाढलेल्या मुंबईकराला स्वतंत्र संडास असलेला फ्लॅट महाग वाटत होता आणि अनोळखीही. इतिहासकार निखिल राव यांनी माटुंग्याच्या या फ्लॅटजीवनावर ‘हाउस, बट नो गार्डन’ हा ग्रंथ 2013 मध्ये लिहिला. स्वयंपाकघर आणि संडास एकाच छपराखाली ही कल्पना पचवायला कर्मठ घरांना किती वेळ लागला, याचं त्यातलं चित्रण वाचण्यासारखं आहे. ती पचवणाऱ्यांत पुढे होते दक्षिणेकडून आलेले सुशिक्षित ब्राह्मण. पालक्काड, तंजावर, तिरुनेलवेली भागांतली मुलं मॅट्रिक होऊन टायपिंग आणि शॉर्टहँड शिकायची आणि मुंबईची गाडी धरायची. रेल्वे, तेलकंपन्या, बँका, व्यापारी पेढ्या यांना इंग्रजी लिहिणारे कारकून हवे होते. एकाला नोकरी लागली की तो भावाला बोलवी, भाऊ मेहुण्याला. 1932 मध्ये इथल्या मंडळींनी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आस्तिक समाजाचं मंदिर उभं राहिलं, भजन समाज आला, आणि मंदिरांमागोमाग फुलं, केळीची पानं, तांब्यापितळेची भांडी आणि पंचांगं विकणारी दुकानं आली.

पण आधी आलेली बहुतेक मुलं एकटी होती. एका खोलीत चार-पाच जण राहायचे, चूल कोणीच पेटवायचं नाही. त्यांना दोन वेळचं जेवण हवं होतं, आणि ते घरच्यासारखं, सोवळ्याचं, परवडणारं हवं होतं. माटुंग्याची खाद्यसंस्कृती या गरजेतून उभी राहिली. जिथे आज लोक रविवारची मौज म्हणून जातात, त्या जागा मुळात मेस होत्या. महिन्याचे पैसे भरून रोज जेवायच्या जागा. मुंबईतल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. गिरगावातल्या आणि गिरणगावातल्या खानावळींनी कोकणातून आणि देशावरून आलेल्या एकट्या माणसांना असंच पोसलं. फरक इतकाच की गिरणगावातल्या खानावळी गिरण्यांबरोबर संपत गेल्या, आणि माटुंग्यातल्या बोर्डिंगला कारकुनांची मुलं, नातवंडं आणि त्यांचे शेजारी मिळत राहिले.

‘श्रीकृष्ण बोर्डिंग’मध्ये अजून त्या मेसची शिस्त दिसते. जिन्यावर रांग, आधी कूपन, मग जागा. केळीच्या पानावर भरपेट जेवण घेता येतं. ज्याला स्वयंपाकघर बघायचं असेल त्याने बघावं, असं आमंत्रणच आहे. लसूण-कांदा नाही. वाढणाऱ्याचा हात भरभर चालतो, तरी पानावर प्रत्येक पदार्थाची जागा चुकत नाही. जाणत्या जेवणाऱ्याला इथे एक गंमत कळते. तमिळ घरात भातावर आधी सांबार येतं आणि नंतर रसम. उडपीकडच्या पंगतीत आधी सारू, म्हणजे रसमासारखं पातळ, आणि मग हुळी, म्हणजे डाळ-भाजीचं दाट सांबार. शेवटी ताक-भात दोन्हीकडे. सांबारातही घराणी आहेत. उडपी पद्धतीत गुळाचा खडा पडतो, धणे-खोबऱ्याचं वाटण असतं. तमिळ घरातलं सांबार चिंचेकडे आणि हिंगाकडे झुकतं. माटुंग्यातल्या पालक्काडच्या आज्या उडपी हॉटेलातल्या गोडसर सांबाराला नाकं मुरडत आल्या आहेत आणि त्यांचे नातू तेच सांबार वाटीने पीत आले आहेत.

म्हणजे जेवणारे तमिळ आणि मल्याळी मुलखातले, आणि जेवू घालणारे मात्र बहुतेक दक्षिण कॅनराचे, ही माटुंग्यातली खरी जोडणी. उडपीत मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात कृष्णाची स्थापना केली. आठ मठ दोन-दोन वर्षांच्या पाळीने, म्हणजे पर्यायाने, तिथली पूजा सांभाळतात. ज्याची पाळी त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचं. हजारोंचा स्वयंपाक रोज, वेळेवर आणि शुद्ध करायचं कसब त्या स्वयंपाकघरांत तयार झालं. तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास, बंगळूर आणि मुंबई ही शहरं जेवायला शिकवली. मद्रासमध्ये के. कृष्णराव यांनी ‘उडिपी श्रीकृष्ण विलास’ आणि नंतर ‘वुडलँड्स’ काढलं, बंगळुरात 1924 मध्ये मय्या बंधूंनी ‘एमटीआर’ची सुरुवात केली. माटुंग्याची मंडळी या फळीतलीच.

किनाऱ्यावरून मुंबईत येणारी मुलं दहा-बारा वर्षांचीही असत. टेबलं पुसण्यापासून सुरुवात, मग पाणी, मग वाढणं, मग भट्टी, नशीब असेल तर गल्ला. या मुलांसाठी मुंबईत कन्नड रात्रशाळा चालत. मोगवीर समाजाची रात्रशाळा 1908 पासूनची. दिवसभर बशा उचलायच्या आणि रात्री बाकावर बसून गणित करायचं, अशा मुलांतून हॉटेलमालक झाले, वकील झाले, बँकांत अधिकारी झाले. 1970 च्या दशकात देवराज अर्स यांच्या सरकारने जमीन सुधारणा कडक केल्या, तेव्हा जमिनी गेलेल्या बंट घराण्यांतली आणखी माणसं मुंबईकडे वळली आणि शहरभर ‘शेट्टी’ हॉटेलांचं जाळं दाट झालं. मुंबईकर ज्याला सरसकट ‘उडपी’ म्हणतो, त्यात गौड सारस्वत, शिवळ्ळी ब्राह्मण आणि बंट असे निरनिराळे लोक आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकाच्या रीतीही निरनिराळ्या आहेत.

इडली मात्र सगळ्यांची. तिचा मराठी मुलखाशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे 1130 च्या सुमाराच्या ग्रंथात, इडलीचा पूर्वज आहे. याच ग्रंथात जुन्या मराठीतल्या काही ओळी सापडतात, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याच्याकडे नेहमी जातात. खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी दाखवून दिलं, की त्या इडलीत नुसती उडदाची डाळ होती. तांदूळ नव्हता, आंबवणं नव्हतं. आजची हलकी जाळीदार इडली नंतरची. त्या जाळीमागे ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू असतो. उडदावर तो निसर्गतः असतो, पीठ रात्रभर ठेवलं की तो वायू सोडतो आणि वाटलेल्या उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. म्हणून डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भिजवायचे, डाळ लोण्यासारखी होईपर्यंत वाटायची, तांदूळ मात्र रवाळ ठेवायचा. मुंबईत मे महिन्यात पीठ सहा-सात तासांत वर येतं, जानेवारीत त्याला पहाट उजाडते. रोज हजारो इडल्या काढणाऱ्या माणसाला हे घड्याळाशिवाय कळतं. तो वाटण्याची वेळ मागेपुढे सरकवतो, आणि गिऱ्हाइकाला बाराही महिने सारखीच इडली मिळते. हे सारखेपण मिळवणं फार अवघड आहे. नव्या हॉटेलांत महिन्याला नवा पदार्थ निघतो, त्याचं कौतुक होतं. तीच इडली ऐंशी वर्षं तशीच ठेवण्याचं कौतुक त्याहून जास्त व्हायला हवं.

तसं बदल झालेच नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. तांदळावर उभ्या असलेल्या या धंद्याला तो मोठा धक्का होता. रवा इडलीचा जन्म त्याच टंचाईत झाल्याचं ‘एमटीआर’ सांगतं. ‘कॅफे मद्रास’मध्ये आज नाचणीचा डोसा आणि रसमवडा मागवणाऱ्यांची गर्दी असते, ‘राम आश्रय’चा अननसाचा शिरा खायला लोक उपनगरांतून येतात. नीर डोसा, तुपात भाजलेला तुप्पा डोसा, मिलगाय पोडी लावलेली इडली या गोष्टी एके काळी फक्त घरांत होत्या, त्या हॉटेलात आल्या आणि मराठी जिभेच्या झाल्या.

ही जवळीक सरळ रेषेत आलेली नाही. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्याआधीपासून ‘मार्मिक’मध्ये कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न खरा होता. राग मात्र निघाला तो बऱ्याचदा उडपी हॉटेलांच्या काचांवर, म्हणजे रोज सकाळी त्याच तरुणांना स्वस्तात चहा-वडा देणाऱ्यावर. त्या दिवसांत शहरातल्या दाक्षिणात्य कुटुंबांना लुंगी नेसून बाहेर पडायची धास्ती वाटे. माटुंग्याच्या खाण्यावर लिहिताना हा भाग वगळणं बरोबर ठरणार नाही. ज्यांनी मार खाल्ला ती माणसं दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पीठ वाटायला बसली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. आज रविवारी सकाळी किंग्ज सर्कलच्या रांगांमध्ये दादर, परळ, ठाण्याहून आलेली मराठी घरं ठळकपणे दिसतात.

कॉफीची गोष्ट निराळी. स्टेशनालगत ‘मैसूर कन्सर्न्स’ आणि ‘फिलिप्स’सारख्या कॉफीच्या दुकानांपाशी पोचायच्या आधीच भाजलेल्या बियांचा वास गाठतो. गिऱ्हाईक प्लँटेशन किती, पीबेरी किती आणि चिकोरी किती हे सांगतं, डोळ्यांदेखत पूड दळून मिळते. चिकोरी हे एका झुडपाचं मूळ. भाजून दळलं की कॉफीला रंग आणि दाटपणा देतं. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते, माटुंग्यातली जाणती गिऱ्हाइकं वीस-तीस टक्क्यांच्या वर चिकोरी जाऊ देत नाहीत. भारतात चिकोरीचं पीक गुजरातेत जामनगरकडे मोठ्या प्रमाणात निघतं. कूर्गच्या आणि चिक्कमगळूरच्या बिया आणि सौराष्ट्रातलं मूळ माटुंग्याच्या एका टंबलरात एकत्र येतात.

तमिळ मध्यमवर्गाच्या घरात कॉफी फार जुनी नाही. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी लिहिलं आहे, की विसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीकडे एक परकं व्यसन म्हणून पाहिलं जाई, आणि पाहता पाहता तीच प्रतिष्ठेची खूण झाली. पाहुण्याला सकाळची पहिली कॉफी दिली, म्हणजे पहिल्या उकळीच्या दाट डिकॉक्शनची, तर तो मान. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेली दिली तर तो अपमान. मुंबईत 1936 मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं, तेव्हा माटुंग्यातल्या घराघरांत दुमजली फिल्टर रात्री भरून ठेवले जात होते. हॉटेलात आजही कॉफी डबऱ्यात आणि टंबलरात येते. ती वरून खाली ओतून फेसाळायची आणि निववायची, ओठ न लावता प्यायची. चहाच्या या शहरात दिवसाची सुरुवात कॉफीने करणारा असा दुसरा परिसर सापडणार नाही.

दहाच्या पुढे माटुंग्याचं वय उतरतं. रुईया 1937 चं, पोदार 1941 चं. खालसा, व्हीजेटीआय, पूर्वीचं यूडीसीटी, सगळी कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर. रुईया नाक्यावर मराठी एकांकिकांच्या किती संहिता वडा-सांबाराच्या बशीभोवती घडल्या असतील याचा हिशेब नाही. तिथलं ‘मणीज’ म्हणजे कित्येक पिढ्यांचं कॅन्टीन. लाल झणझणीत सांबार, मागाल तितकं. ते त्या जागेवरून उठलं तेव्हा पन्नाशी-साठीतली माणसं हळहळली. ‘डीपीज’वर मात्र अजून उभ्याउभ्या खाणारी पोरं दिसतात. नाटकाच्या तालमीचा, परीक्षेचा, पहिल्या प्रेमाचा खर्च ज्या हॉटेलांनी स्वस्तात भागवला, त्यांचं मराठी रंगभूमीवर ऋण आहे असं म्हणणं अतिशयोक्तीचं नाही.

दुपारनंतर रस्ता बाजाराचा होतो. स्टेशनाजवळच्या फूलवाल्यांकडे मोगऱ्याचे गजरे हाताने मोजून मिळतात, कोपरापासून बोटांपर्यंत एक माप. कमळं, तुळशीच्या माळा, विड्याची पानं. भाजीवाल्यांकडे सांबाराचे बारीक कांदे, केळफूल, कोहळा, सुरण, कच्ची केळी, पिशवीभर कढीपत्ता. आता या भाज्या घेणाऱ्यांत कच्छी आणि गुजराती बाया जास्त आहेत. दक्षिणेतली बरीच कुटुंबं चेंबूर, मुलुंड, डोंबिवली, नवी मुंबईकडे गेली आणि त्यांच्या जागी कच्छी व्यापारी घरं आली. वस्ती इतकी बदलूनही हॉटेलं का बदलली नाहीत? एक कारण थेट स्वयंपाकघरात आहे. उडपीच्या मठातून आलेलं बिनकांद्या-लसणाचं शाकाहारी जेवण जैन घरांना फारसे प्रश्न न विचारता चाललं. मध्वांच्या मठाचा नियम कच्छी जैनांच्या पथ्याला जुळेल हे कोणी ठरवलं नव्हतं, पण जुळलं, आणि गल्ला चालू राहिला.

दुसरं कारण भाड्याचं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. ही हॉटेलं निघाली ती नेमकी त्याच्या आसपास. 1999 च्या नव्या कायद्याने मोठ्या कंपन्यांचं आणि बँकांचं संरक्षण काढून घेतलं, लहान भाडेकरूंचं ठेवलं. जुन्या भाडेकरूला बाजारभाव द्यावा लागत नाही, म्हणून शहराच्या मधोमध इडलीची बशी सामान्य माणसाच्या खिशात मावते. या कायद्याने घरमालकांवर अन्याय झाला, इमारतींची डागडुजी थांबली, हे सगळं खरं. आणि आता त्याच जीर्ण इमारती विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) च्या नियमाखाली पुनर्विकासाला निघाल्या आहेत. कागदावर हॉटेलवाल्याला नवी जागा मिळते. मधली चार-पाच वर्षं तो कुठे जाणार, भट्टीवरची माणसं कोण सांभाळणार, आणि रोज पहाटे येणाऱ्याची सवय तोवर शिल्लक राहील का, याचं उत्तर नियमात नाही. वारसा म्हणून आपण दगडी इमारतींना दर्जा देतो. चालत्या स्वयंपाकघराला असा काही आधार द्यायची वेळ आता आली आहे. निदान बांधकामाच्या काळात त्याच परिसरात पर्यायी जागा देण्याची अट तरी हवी.

माटुंग्याच्या रहिवाशांना अशा मागण्या करायची सवय आहे. किंग्ज सर्कलवरून उड्डाणपूल गेला तेव्हा त्याच्या खाली गाड्या आणि कचरा साठायला लागला. लोकांनी पाठपुरावा केला, आणि तिथे नानालाल डी. मेहता उद्यान झालं, मुंबईतलं पुलाखालचं पहिलं. नर्मदेच्या वाहण्याच्या वाटेवरून त्याची पायवाट आखलेली आहे. दोन्ही बाजूंनी वाहनं धावत असताना रात्री जेवणानंतर तिथे बाकांवर जागा मिळत नाही.

संध्याकाळी पाय शण्मुखानंद सभागृहाकडे वळतात. वेगवेगळ्या संगीतसभा एकत्र येऊन 1952 मध्ये ही सभा झाली, सभागृह 1963 मध्ये उभं राहिलं, 1990 मध्ये आगीत जळलं आणि 1998 मध्ये पुन्हा सुरू झालं. 2,763 माणसं बसतात. कर्नाटक संगीताची कचेरी असो की हिंदुस्थानी गाणं, मध्यंतरात कॅन्टीनच्या कॉफीभोवती जी चर्चा होते ती ऐकावी. गायकाने निरवलात, म्हणजे एकाच ओळीच्या विस्तारात, कुठे घाई केली आणि आज वड्याला तेल कसं जास्त झालंय, हे एकाच दमात, सारख्याच गांभीर्याने बोललं जातं. गणेशोत्सवात किनाऱ्यावरून आलेलं स्वयंपाकाचं कसब गौड सारस्वतांच्या जीएसबी सेवा मंडळाच्या मंडपात दिसतं. लोक सोन्याने मढलेली मूर्ती बघायला जातात, पण पाच दिवस केळीच्या पानांवर उठणाऱ्या पंगतीही तितक्याच पाहण्यासारख्या असतात.

आणि दिवाळीत तर मराठी आणि तमिळ वस्त्यांची पहाट एकच होते. मराठी घरासारखीच तमिळ घराची दिवाळी नरकचतुर्दशीची. अंधारात उठायचं, तेल लावून अंघोळ करायची, नवे कपडे घालायचे. मराठी घरात पायाखाली कारेटं फुटतं आणि पुढे फराळाचं ताट येतं. तमिळ घरात अंघोळीनंतर आधी हातावर दीपावली लेह्यम ठेवतात. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, धणे, जिरे कुटून गुळात शिजवलेलं, वरून तूप आणि मध घातलेलं काळसर चाटण. सणाच्या दिवसांत पोटाला सांभाळणारं हे औषध मुलं तोंड वाकडं करून गिळतात आणि मग मैसूरपाक आणि मुरुक्कूच्या डब्यांकडे धावतात. आठवडाभर आधीपासून माटुंग्यातल्या किराणा दुकानांत त्याची तयार पूड मिळते. गूळ पाण्यात विरघळवून त्यात पूड घालायची, मंद आचेवर ढवळत राहायचं, कढईच्या कडा सुटू लागल्या की तूप सोडायचं. अलीकडे ही पूड घेणाऱ्यांत मराठी गिऱ्हाइकंही असतात, आणि दुकानदार ती किती वेळ ढवळायची हे त्यांना मराठीतून सांगतो.